ज्याच्या हाती कुणी बॅट दिली नाही

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या सोलापूरच्या नवी पेठेत बॅट घ्यायला बाप-लेक येतात. पोरगा बॅट हातातून सोडत नाही आणि कामगार बाप खिशातले पैसे पुन्हा पुन्हा मोजतो. हे पाहिले की आम्हाला बाळू पालवणकर आठवतात.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडच्या एका चांभार कुटुंबातला. वडील लष्करी नोकरीत. साहेबांनी टाकून दिलेल्या साहित्यावर ही भावंडे पुण्यात क्रिकेट शिकली. बाळू आधी पारशांच्या क्लबात महिना ३ रुपयांवर खेळपट्टी झाडीत. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपये मिळू लागले. रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज आपल्याला बाद केले की बाळूंना आठ आणे देई, असे सांगतात. शेकडो तास चेंडू टाकला, पण बॅट मात्र कुणी हाती दिली नाही. फलंदाजी साहेबाची, घाम बाळूंचा!

गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातून फिरे. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. त्या काळी विलायतेतही हौशी 'जंटलमन' आणि पैसे घेऊन खेळणारे असा भेद होता. तो १९६२ पर्यंत टिकला. पण तिथला भेद पैशाचा आणि घराण्याच्या मानाचा. इथला थेट स्पर्शाचा!

बाळूंनी उत्तर चेंडूने दिले. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्यात बाळूंचे ८ बळी होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ गडी बाद केले. तरीही कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. १९२० साली त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळण्यास नकार दिला. शेवटी बाळू उपकर्णधार झाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना डॉ. बाबासाहेबांविरुद्ध मुंबईत उभे केले. बाबासाहेब विजयी झाले. राजकारणात वाटा वेगळ्या झाल्या, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. पण म्हणून त्या डाव्या हाताची करामत आणि त्या हाताने सोसलेला अपमान आपण विसरायचा काय? १९५५ साली बाळू वारले.

तेव्हा बापहो, मायांनो, जमेल तेव्हा लेकराला बॅट घेऊन द्या, मुलीलाही द्या. आणि घरी आल्यावर, ज्याच्या हाती कुणी बॅट दिली नाही त्या बाळूंची गोष्ट त्यांना जरूर सांगा.