जुन्या निगेटिव्हमधील खरा रंग

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की अनेक घरांच्या माळ्यावरून बिस्किटांचा एखादा जुना पत्र्याचा डबा खाली येतो. जुन्या लग्नपत्रिकांखाली त्यात नारिंगी-तपकिरी फिल्मच्या पट्ट्या सापडतात. कुठे पेढीवरील वहीपूजन, कुठे शिखरजीची यात्रा, तर काही घरांत एखाद्या आत्याच्या दीक्षेचा सोहळा. दीक्षेच्या पट्टीचे मोल वेगळेच. एका चौकटीत वरघोड्यातील वस्त्रालंकारांनी नटलेली मुमुक्षू आणि पुढच्या चौकटींत शुभ्र वस्त्रांतील साध्वी. रंगीत वेषातील तिचे ते अखेरचे छायाचित्र. अल्बममधील प्रत फिकी पडून लालसर झाली असली, तरी निगेटिव्ह हाती आहे तोवर ते दृश्य हरवलेले नसते.

मात्र ही पट्टी स्कॅन करून नुसती उलटी केली, तर चित्र निळसर-हिरवट दिसते. ‘फिल्म खराब झाली’ असा समज होऊन अनेक पट्ट्या तेथेच बाजूला पडतात. वस्तुतः दोष फिल्मचा नसतो. रंगीत निगेटिव्हमध्ये निळसर-हिरवा, किरमिजी आणि पिवळा अशा तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्यांतील पहिली दोन द्रव्ये पूर्णतः शुद्ध नसल्याने नको तो प्रकाशही थोडा शोषतात. ही उणीव भरून काढण्यासाठी फिल्ममध्ये मुद्दाम नारिंगी छटा ठेवलेली असते. कोडॅकच्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात ही युक्ती विकसित झाली. छायाचित्राच्या कागदावर प्रत काढताना ही छटा हिशेबात धरली जात असे. संगणकाला ती वेगळी सांगावी लागते.

सांगण्याची रीत सोपी आहे. दोन चौकटींमधील कोऱ्या फटीवर प्रकाश पडलेला नसतो, म्हणून तेथे केवळ फिल्मची मूळ नारिंगी छटा असते. स्कॅन करताना ही फट चित्रात घ्यावी. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग स्वतंत्रपणे असे जुळवावेत की उलट्या केलेल्या चित्रात ती फट निव्वळ काळी दिसेल. ही छटा प्रत्येक फिल्मची निराळी असल्याने एका रोलचे आकडे दुसऱ्याला लावू नयेत.

दुसरा प्रश्न वयाचा. तिन्ही द्रव्ये सारख्या गतीने फिकी पडत नाहीत. त्यामुळे सावल्यांत एक छटा आणि उजेडात दुसरीच, असे चित्र दिसू लागते. अशा वेळी संपूर्ण चित्रावर एकच रंग ओतून उपयोग होत नाही. प्रत्येक रंगाचा ‘कर्व्ह’ उघडून सावली, मध्यम उजेड आणि प्रखर उजेड हे तीन टप्पे वेगवेगळे सुधारावे लागतात. पेढीवरील पांढरी गादी, डोक्यावरील टोपी, डांबरी रस्ता किंवा सिमेंटचा ओटा अशा रंगहीन वस्तू येथे साक्षीदार ठरतात.

पण साक्षीदारही पारखून घ्यावा लागतो. दीक्षामंडपाचे छत लाल-केशरी कापडाचे असेल, तर त्याखालील शुभ्र वस्त्रावरही त्या दिवशी केशरी आभा पडलेली होती. ते वस्त्र ‘पांढरे’ म्हणून निवडले, की संगणक ती आभा पुसून टाकतो आणि मंडपाचे सारे वातावरण थंड, निर्जीव होते. स्वयंचलित दुरुस्तीचेही तसेच. चित्रातील सर्व रंगांची सरासरी करडी असावी, असे गृहीत धरून चालणारी प्रणाली केशरी मंडपाला दोष मानते आणि चेहऱ्यांवर निळसर झाक आणते. म्हणून त्याच रोलमधील उघड्यावर, दिवसाच्या उजेडात घेतलेली चौकट आधी सुधारावी. वरघोड्याचे छायाचित्र यासाठी उत्तम. तिचेच आकडे मंडपातील चौकटींना लावावेत. मग फिल्मचा आणि काळाचा दोष निघतो, त्या दिवसाचा प्रकाश मात्र राहतो.

व्यापारी घराला यातील विवेक नवा नाही. रोजमेळातील चुकलेली नोंद खरवडून काढत नाहीत. दुरुस्तीची नोंद स्वतंत्र घालतात. त्याचप्रमाणे पहिला, कोणतीही सुधारणा न केलेला स्कॅन १६-बिट टिफ स्वरूपात जपावा, सुधारलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि दोन्हींची नक्कल दुसऱ्या ठिकाणी असू द्यावी. स्कॅन झाला म्हणून मूळ पट्ट्या टाकू नयेत. त्या कडेनेच धराव्यात, धूळ फुंकणीने उडवावी आणि थंड, कोरड्या जागी ठेवाव्यात. पावसाळ्यात बुरशी धरली असेल, तर पाण्याने पुसू नये. बुरशीने पोखरलेला थर पाण्यात विरघळून चित्रच निघून जाऊ शकते.

तत्त्वार्थसूत्राने सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत कूटलेखक्रियेची, म्हणजे खोटा लेख तयार करण्याची, गणना केली आहे. जुने छायाचित्र हाही घराचा एक लेखच. मुमुक्षूच्या साडीचा रंग कोणाला आठवत नसेल, तर तो अंदाजाने अधिक गडद किंवा सुंदर करण्याचा मोह होतो. तेथे थांबावे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे; एखाद्या पेटीत ती साडी अजून जपलेलीही असेल. नातवंडांनी ते चित्र पाहताना, त्या दिवशी मंडपात उभे असलेल्यांनी जे पाहिले, तेच त्यांना दिसावे.