तीन लाल दिवे आणि शंभर कोटी डॉलर

एक्सबॉक्स 360 या गेमिंग कन्सोलच्या पॉवर बटणाभोवती दिव्यांचं एक कडं होतं, चार पाकळ्यांत विभागलेलं. सगळं ठीक असलं की त्यात हिरवा उजेड दिसायचा. पण एखाद्या संध्याकाळी बटण दाबावं आणि चारांपैकी तीन पाकळ्या लाल होऊन लुकलुकू लागाव्यात, टीव्हीचा पडदा काळाच राहावा, असं 2006 आणि 2007 मध्ये जगभरातल्या लाखो घरांत घडलं. तीन लाल पाकळ्यांचा अर्थ होता, यंत्राच्या आत काहीतरी मोठं बिघडलंय. खेळणाऱ्यांनी या दृश्याचं नाव ठेवलं ‘रेड रिंग ऑफ डेथ’, मरणाचं लाल कडं. हे नाव मायक्रोसॉफ्टला आजवर पुसता आलेलं नाही.

तरीही तेच यंत्र पुढे सव्वाआठ कोटींहून जास्त खपलं. इतक्या बदनाम झालेल्या वस्तूवर लोकांनी पुन्हा पैसे का टाकले, हे समजून घेण्यासारखं आहे. बिघडलेल्या यंत्राची आणि ते विकणाऱ्या कंपनीची अशी गोष्ट गेमिंगच्या जगात विरळाच.

एक्सबॉक्स 360 अमेरिकेत 22 नोव्हेंबर 2005 ला बाजारात आला. हार्ड डिस्क असलेल्या संचाची किंमत होती 399 डॉलर. सोनीचा प्लेस्टेशन 3 येणार होता त्याच्या वर्षभरानंतर, आणि त्याच्या आधी घराघरांत पोचायचं ही मायक्रोसॉफ्टची सारी धडपड होती. पोचलेही. मात्र काही महिन्यांतच तक्रारी यायला लागल्या. अमेरिकेत सुरुवातीला वॉरंटी होती फक्त 90 दिवसांची. चौथ्या महिन्यात यंत्र गेलं तर दुरुस्तीसाठी शंभराहून अधिक डॉलर मोजावे लागत. काहींचं यंत्र दुरुस्त होऊन आलं आणि पुन्हा तसंच मेलं.

कंपनीचं उत्तर ठरलेलं होतं: बिघाडाचं प्रमाण तीन ते पाच टक्के आहे आणि या धंद्यात एवढं चालतंच. ज्याचं यंत्र बंद पडलं होतं, त्याच्या तीन मित्रांचीही यंत्रं बंद पडलेली असत. त्याला हा आकडा कसा पटावा? खरं नुकसान इथे झालं, असं मागे वळून पाहताना ठामपणे म्हणता येतं. यंत्र नादुरुस्त निघालं म्हणून माणूस वैतागतो. पण आपण सांगतोय ते समोरच्याला खोटं वाटतंय, हे कळलं की तो दुरावतो.

कंपनी काही सांगत नव्हती, तेव्हा लोकांनी आपापले उपाय शोधले. त्यातला सर्वांत प्रसिद्ध उपाय टॉवेलचा. चालू कन्सोल जाड टॉवेलात गुंडाळून ठेवायचा, आतली हवा कोंडून तो भट्टीसारखा तापू द्यायचा आणि मग गार करून पुन्हा सुरू करायचा. कधीकधी यंत्र खरोखर जागं व्हायचं, थोडे दिवस चालायचं आणि परत लाल व्हायचं. तो उपाय धोक्याचा होता, आग लागू शकली असती. पण त्यात दुखण्याची एक खूणही दडलेली होती: उष्णता.

आतल्या रचनेकडे पाहिलं की हे उलगडतं. 360 च्या पोटात दोन मोठ्या चिप होत्या, एक मुख्य प्रोसेसर आणि दुसरी चित्रं रंगवणारी ग्राफिक्स चिप. ग्राफिक्स चिपच्या बरोबर वर डीव्हीडी ड्राइव्ह बसवलेला होता. त्यामुळे तिच्या डोक्यावर उष्णता शोषून घेणारा धातूचा तुकडा बुटका ठेवावा लागला. खेळ सुरू केला की चिप तापायची, बंद केला की निवायची. धातू तापला की किंचित फुगतो, गार झाला की आकसतो, आणि चिप व तिच्याखालची पाटी एकसारख्या प्रमाणात फुगत नाहीत. या ओढाताणीचा सगळा ताण येतो मधल्या बारीक जोडांवर. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या इतिहासावर स्वतःच एक माहितीपट काढला. एक्सबॉक्सच्या हार्डवेअर विभागाचे 360 च्या काळातले प्रमुख टॉड होल्मडाल यांनी त्यात हेच सांगितलं: भागांच्या आतले जोड तुटत होते, आणि ते तुटत होते पुन्हा पुन्हा तापण्या-निवण्याच्या ताणाने.

त्याच सुमारास सगळा इलेक्ट्रॉनिक्स उद्योग शिसं नसलेल्या सोल्डरकडे, म्हणजे डाखाकडे, वळत होता, कारण 1 जुलै 2006 पासून युरोपीय संघाने शिशावर निर्बंध आणले. जुना शिशाचा डाख मऊ आणि लवचीक असतो. बिनशिशाचं सोल्डर जास्त तापमानाला वितळतं आणि ताण सोसायला तितकं तयार नसतं. नव्या सोल्डरची सवय सगळ्याच कारखान्यांना व्हायची होती, आणि ज्या यंत्राला वर्षभर आधी बाजारात आणायची घाई झालेली, त्याला ही सवय करून घ्यायला फारसा वेळ मिळाला नसावा.

आता ज्या बैठकीत या बिघाडावर पैसे खर्च करायचं ठरलं, तिच्याबद्दल. एक्सबॉक्सच्या धंद्याची सूत्रं तेव्हा पीटर मूर यांच्याकडे होती. त्यांनी पुढे 2015 मध्ये एका मुलाखतीत ती हकिगत सांगितली. खराब यंत्रं परत मागवून दुरुस्त करायची तर एकूण खर्च येणार होता सुमारे 115 कोटी डॉलर. त्यातले 24 कोटी डॉलर नुसते फेडेक्सच्या कुरिअरचे, कारण ग्राहकाने कन्सोल पाठवायचा आणि कंपनीने तो परत करायचा, दोन्ही बाजूंचा खर्च मायक्रोसॉफ्ट उचलणार होती. हा आकडा घेऊन मूर मुख्याधिकारी स्टीव्ह बाल्मर यांच्यासमोर गेले. हे केलं नाही तर एक्सबॉक्सचं नाव संपेल, असं त्यांनी सांगितलं. बाल्मर यांनी फार न ताणता होकार दिला.

5 जुलै 2007 ला घोषणा झाली. तीन लाल दिव्यांच्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची, खरेदीच्या तारखेपासून, जगभर. मूर यांनी ग्राहकांना उघड पत्र लिहून माफी मागितली. कंपनीने त्या तिमाहीच्या हिशेबात 105 ते 115 कोटी डॉलरचा बोजा दाखवला. तेव्हाच्या भावाने ते साडेचार हजार कोटी रुपयांच्या आसपास होतात. तोवर 1 कोटी 16 लाख कन्सोल बाजारात गेले होते. म्हणजे चांगला चालणारा असो वा बिघडलेला, प्रत्येक कन्सोलमागे जवळजवळ 95 डॉलर कंपनीने बाजूला काढून ठेवले.

पैशांचा आकडा मोठा होता म्हणून त्याचीच चर्चा झाली. पण त्या घोषणेतली सर्वांत मोलाची गोष्ट दुसरीच होती: ज्यांनी आधीच पदरचे पैसे घालून दुरुस्ती करून घेतली होती, त्यांना ते परत मिळाले. पुढच्या ग्राहकाला सवलत देणं कुठल्याही कंपनीला जमतं. कालच्या ग्राहकाकडून आपण चुकीने पैसे घेतले, हे कबूल करून ते परत करणं फार थोड्यांना जमतं. आणि दुरुस्तीची वाटही सोपी केली होती. फोन केला की कंपनीकडून घरी रिकामं खोकं यायचं. लोक त्याला शवपेटी म्हणायचे. यंत्र त्यात ठेवायचं, पत्त्याची चिठ्ठी लावायची, कुरिअरवाल्याच्या हाती द्यायचं. कुठे रांग नाही की कुणाशी वाद घालणं नाही.

अडीच महिन्यांनी, 25 सप्टेंबर 2007 ला, ‘हेलो 3’ हा खेळ आला आणि एकट्या अमेरिकेत पहिल्याच दिवशी 17 कोटी डॉलरची विक्री झाली. वॉरंटी नसती तरी तो खपला असता, असं कुणी म्हणेल. कदाचित खपला असताही. पण फक्त त्या खेळासाठी नवा कन्सोल घेणाऱ्याला बिघडलं तर तीन वर्षं काळजी नाही एवढा आधार होता, आणि तो जुलैमध्येच दिला गेला होता.

यंत्र मात्र एका रात्रीत सुधारलं नाही, हेही नोंदवायला हवं. आतल्या चिप टप्प्याटप्प्याने लहान आणि थंड होत गेल्या, 2007 मध्ये प्रोसेसर, 2008 मध्ये ग्राफिक्स चिप. ऑगस्ट 2009 मध्ये स्क्वेअरट्रेड या वाढीव वॉरंटी विकणाऱ्या कंपनीने आपल्याकडच्या 16 हजार कन्सोलचा हिशेब मांडला. दोन वर्षांत एक्सबॉक्स 360 बिघडण्याचं प्रमाण निघालं 23.7 टक्के, प्लेस्टेशन 3 चं 10 टक्के आणि निन्टेन्डोच्या ‘वी’ या कन्सोलचं 2.7 टक्के. तीन ते पाच टक्क्यांच्या जुन्या दाव्याचं काय झालं ते वाचकाने पाहावं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘ई74’ नावाचा दुसरा बिघाडही तीन वर्षांच्या वॉरंटीत घ्यावा लागला. पूर्ण नवी, सडसडीत बांधणी आली ती जून 2010 मध्ये. तिच्यात दोन्ही चिप एकत्र आल्या, पंखा मोठा झाला, आणि ते तीन लाल पाकळ्यांचं कडं कायमचं गेलं.

भारतात हा कन्सोल 2006 च्या सप्टेंबरमध्ये अधिकृतपणे आला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मात्र बाहेरून आणलेले आणि नकली डिस्क चालाव्यात म्हणून आतून बदल केलेले संचही विकले जात. असा संच उघडलेला असल्यामुळे त्याला वॉरंटी लागू होत नसे. मग एखादा कारागीर हीट गनने चिप तापवून सोल्डर पुन्हा वितळवायचा. टॉवेलपेक्षा हा उपाय शहाणपणाचा, तरी बऱ्याचदा तोही काही आठवडेच टिकायचा. तुटलेला जोड त्याने कायमचा सांधला जात नसे.

वेळ न दवडता केलेल्या दुरुस्तीचं उदाहरण गेमिंगच्या जगात मायक्रोसॉफ्टच्या खूप आधी घडलं होतं. जुलै 1983 मध्ये जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला. त्याचे सुरुवातीचे संच सदोष चिपमुळे खेळता खेळता थिजायचे. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी संच परत मागवून नव्या मदरबोर्डसह पुन्हा बाजारात आणले. याच फॅमिकॉमच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे आल्या. ज्यांनी कॅसेटला फुंकर मारून खेळ सुरू केलाय, त्यांचं बालपण नकळत त्या यंत्राशी जोडलेलं आहे.

त्याच निन्टेन्डोने पुढे वेगळा रस्ता धरला, याचं वाईट वाटतं. मार्च 2017 मध्ये आलेल्या स्विच या कन्सोलच्या जॉय-कॉन कंट्रोलरमध्ये एक दोष निघाला. अंगठ्याने फिरवायची काडी कुणी हात न लावताही सरकायची आणि पडद्यावरचं पात्र आपोआप चालू लागायचं. खेळणारे याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. जुलै 2019 मध्ये अमेरिकेत खटला दाखल झाला. त्यानंतर तिथे कंट्रोलर फुकट दुरुस्त होऊ लागले, पण कसलीही जाहीर घोषणा न होता. जून 2020 मध्ये अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी भागधारकांसमोर माफी मागितली, पण खटला चालू आहे म्हणून तपशील द्यायचं नाकारलं. 2021 मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितलं की मोटारीचे टायर झिजतात तसे हे भागही झिजतात.

टायर झिजतो हे खरं. पण टायर बदलता येतो, आणि तो किती चालेल हे विकणारा आधी सांगतो. युरोपातल्या ग्राहक संघटनांच्या ‘ब्यूक’ या महासंघाने जानेवारी 2021 मध्ये जवळजवळ 25 हजार तक्रारी गोळा करून युरोपीय आयोगापुढे ठेवल्या. त्यांतल्या 88 टक्के प्रकरणांत कंट्रोलर पहिल्या दोन वर्षांतच बिघडले होते. 2023 च्या एप्रिलमध्ये युरोपात हे कंट्रोलर वॉरंटी संपल्यानंतरही फुकट दुरुस्त करायचं कंपनीने मान्य केलं, मग कारण दोष असो वा झीज. असं जाहीर वचन मिळायला सहा वर्षं लागली, आणि तेही एका खंडापुरतं. स्विच तरीही प्रचंड खपला, हे मान्यच आहे. त्याचं श्रेय त्यावरच्या खेळांना जातं. कंट्रोलरवरच्या विश्वासाला त्यात वाटा देता येत नाही.

मायक्रोसॉफ्टनेही काही गोष्टी फार उशिरा केल्या. पैसे दोन वर्षांत मोकळे केले, पण नेमकं काय तुटत होतं हे सविस्तर सांगायला 2021 उजाडलं. तेव्हा मात्र त्यांनी काही झाकलं नाही. माहितीपटाच्या एका भागालाच त्या लाल कड्याचं नाव दिलं आणि तीन लाल दिव्यांचं पोस्टरही स्वतःच्या दुकानात विकायला ठेवलं.

दोन्ही प्रकरणांत कंपन्या हलल्या त्या मोजता येण्याजोग्या तक्रारींमुळे. आपल्याकडे बिघडलेला कंट्रोलर कपाटात टाकून नवा घेण्याची रीत आहे, आणि ती तक्रार कुठेच मोजली जात नाही. स्विच निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे विकला नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईत मिळणारा संच बाहेरून आलेला असतो आणि त्याची जबाबदारी विकणाऱ्या दुकानदाराकडेच मागावी लागते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल बनवणारा आणि विकणारा, दोघांच्याही उत्तरदायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणून कन्सोल घेताना पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. यंत्र बिघडलं तर तक्रार लेखी द्या आणि तिची पोच मागा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.