इलोकानो भाषेचा सहावा स्वर

फिलिपाइन्समधील लुझॉन बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, डोंगर व समुद्र यांच्यामध्ये, इलोकोस नावाची चिंचोळी पट्टी आहे. इलोकानो ही तेथील भाषा होय. मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळात तिची गणना होते.

तिच्या दोन प्रमुख बोली आहेत : 'अमियानन' म्हणजे उत्तरेची आणि 'अबगातन' म्हणजे दक्षिणेची. दोहोंतील मुख्य भेद एका स्वराचा आहे. उत्तरेस आ, इ, उ, ए, ओ असे पाच स्वर आहेत. दक्षिणेस सहावाही आढळतो. वाचकाने ओठांचा चंबू न करता 'उ' म्हणून पाहावा; साधारणपणे तोच हा ध्वनी. 'दक्केल' म्हणजे मोठा. त्यातील शेवटचा स्वर उत्तरेकडील माणूस 'ए' असा उच्चारतो, तर दक्षिणेकडील माणूस तेथे सहावा स्वर योजतो. मात्र हत्तीला 'एलेपान्ते' म्हणताना तोही सरळ 'ए' उच्चारतो, कारण तो शब्द स्पॅनिशमधून आला आहे. लेखनात या दोन्ही ध्वनींना रोमन लिपीचे एकच अक्षर आहे.

रोमन लिपीपूर्वी तेथे ब्राह्मीच्या कुळातील लिपी प्रचलित होती. तिच्या प्रत्येक अक्षरात आपल्याप्रमाणेच 'अ' गृहीत असे. परंतु 'इ' व 'ए' यांना मिळून एकच खूण होती, आणि स्वररहित व्यंजन लिहिण्याची सोयच नव्हती. त्यामुळे 'दक्केल'चे 'दके' एवढेच उरे, आणि ते 'दकि' असेही वाचता येई. फ्रान्सिस्को लोपेझ या धर्मोपदेशकाने 1621 च्या इलोकानो धर्मपुस्तिकेत अक्षराखाली लहान क्रूस काढून ही उणीव भरून काढली. आपण अक्षराचा पाय मोडतो, तसाच हा उपाय होता. सहाव्या स्वरास मात्र स्वतंत्र चिन्ह मिळाले नाही. पुढे ती लिपीही व्यवहारातून गेली.

चिन्हाचा हा अभाव सर्वस्वी हानिकारकच ठरला, असे नाही. एकच लेखन दोन्ही बोलींची मुले आपापल्या उच्चाराने वाचतात. परंतु कोणत्या शब्दात 'ए' आणि कोणत्या शब्दात सहावा स्वर, हे अक्षर सांगत नाही. ते कानानेच शिकावे लागते. म्हणूनच शाळेत ही भाषा ऐकू येणे महत्त्वाचे आहे. 2012 पासून प्राथमिक शाळेच्या आरंभीच्या इयत्तांत मातृभाषेतून शिक्षण देण्यात येत होते. 2024 च्या कायद्याने ते ऐच्छिक झाले. जो ध्वनी लिपीत नाही, त्याचे रक्षण बोलणाऱ्यांनीच करावयाचे असते.