अ‍ॅम्प्लिफायरची घरघर

सभागृहातला जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर भंगारात द्यावा, अशी सूचना विश्वस्तांपुढे आली होती. माइक बदलला, वायर बदलली, तरी घरघर जाईना. मेकॅनिकने आवाजाचे बटण शून्यावर आणले, घरघर तशीच! म्हणजे दोष माइकचा नव्हेच, बहुधा वीजपुरवठ्याच्या भागातला. आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरमधून निघताना तिच्या लाटा सेकंदाला १०० होतात. त्या सपाट करतो कंडेन्सर. त्यातला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाळला, की लाटा थेट स्पीकरमध्ये ऐकू येतात. आमचा तसाच वाळला होता. विद्यार्थी मित्रांनो, असे यंत्र स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात. नवा कंडेन्सर बसवला आहे. स्नेहसंमेलनात हाच अ‍ॅम्प्लिफायर लावू.