आरसा गेला, जुन्या लेन्सचं काय?

विंडसरच्या नदीकाठावरून उत्तरेकडे पाहिलं की समोर डेट्रॉइट दिसतं. कॅनडात उभं राहून अमेरिका बघायला इथं उत्तरेला तोंड करावं लागतं! रात्री झगमगणाऱ्या त्या इमारती एका चौकटीत बसवायच्या तर वाइड अँगल लेन्स हवी. गाडीने तासाभरावर पॉइंट पेली राष्ट्रीय उद्यान आहे. ईरी सरोवर ओलांडून दमलेले, जेमतेम दहा ग्रॅमचे वॉर्बलर मे महिन्यात तिथं उतरतात. ते टिपायचे तर टेलिफोटो हवी. डीएसएलआर सोडून मिररलेस घेताना या दोन्ही लेन्स बदलायच्या का? उत्तर दोघींसाठी वेगळं आहे, आणि त्याचं कारण आहे आरसा.

डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा वर-खाली होतो. त्याला जागा लागते, म्हणून कॅननच्या ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिमी मागे असतो, निकॉनच्या एफ माउंटपासून ४६.५ मिमी. २०१८ मध्ये आलेल्या त्यांच्या मिररलेस आरएफ आणि झेड माउंटमध्ये हेच अंतर २० आणि १६ मिमी झालं. अडॅप्टर म्हणजे हा फरक भरून काढणारी पोकळ नळी. आत काच नसल्यामुळे चित्राचा दर्जा उतरत नाही.

आरशाच्या जागेचा खरा जाच होता तो वाइड अँगलला. १४ मिमीच्या लेन्सची प्रतिमा तब्बल ४६ मिमी मागे नेऊन पाडायची, तर पुढे प्रकाश फाकवणारी मोठाली भिंगं बसवावी लागत. आरसा गेला आणि मागची भिंगं सेन्सरजवळ नेता आली. निकॉनची २००७ ची १४-२४ मिमी एफ/२.८ लेन्स सुमारे एक किलोची होती. २०२० ची झेड आवृत्ती ६५० ग्रॅमची आहे.

६०० मिमीच्या लेन्सला मात्र दोन-अडीच सेंटिमीटरचं काय सोयरसुतक? कॅननने २०२१ मध्ये आरएफ माउंटसाठी ४०० आणि ६०० मिमीच्या महागड्या लेन्स आणल्या, तेव्हा भिंगांची रचना ईएफचीच ठेवली.

उलट जुन्या टेलिफोटोचा नेम मिररलेसवर बऱ्याचदा सुधारतो. डीएसएलआर फोकस मोजते ती तळाशी बसवलेल्या वेगळ्या सेन्सरवर. दोन्ही सेन्सरपर्यंतच्या अंतरात केसाएवढा फरक पडला, तरी पक्ष्याच्या डोळ्याऐवजी मागची फांदी स्पष्ट येते. मिररलेस चित्र घेणाऱ्या सेन्सरवरच फोकस मोजते, त्यामुळे ही तफावत उरत नाही. पक्ष्याचा डोळा ओळखण्याचं कामही कॅमेऱ्याचं, लेन्सचं नव्हे.

अडचण येते ती मोटरची. कॅननच्या ईएफ ऑटोफोकस लेन्समध्ये १९८७ पासून मोटर आतच आहे. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालत. एफ लेन्स झेड माउंटवर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती नाही, म्हणून फोकस हातानेच करावा लागतो. व्हिडिओ काढणाऱ्यांना जुन्या मोटरची घरघरही जाचते.

तेव्हा आधी कॅमेरा आणि अडॅप्टर घ्यावा. नदीकाठच्या रात्रींसाठी पैसे साठतील तेव्हा वाइड अँगल बदलावी. पेलीची टेलिफोटो धड चालत असेल, तर तिला हात लावायचं कारण नाही.