संगीत-विद्यार्थ्याचे घरगुती छायाचित्रण

संगीताच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी छायाचित्रे हवी असली, की घरच्या मंडळींपुढे प्रथम स्टुडिओचे भाडे उभे राहते. आम्हांला हा खर्च बहुधा अनाठायी वाटतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रफितीवर टिपली आणि तिच्या बळावर पुढील चित्रपटासाठी भांडवल मिळविले. विषय घरगुतीच होता.

घरातील उत्तम दिवा म्हणजे खिडकी. थेट ऊन येत असेल तर तिच्यावर पांढरे धोतर सोडावे. विद्यार्थ्याला खिडकीशेजारी बसवून दुसऱ्या बाजूस पांढरी चादर धरली, म्हणजे चेहऱ्याची काळोखी बाजू उजळते. विजेचे दिवे मालवावेत; दोन रंगांचे उजेड मिसळले की वर्ण बिघडतो. मोबाईल फार जवळ नेऊ नये. नाक वाढते आणि तंबोऱ्याचा भोपळा गाणाऱ्याहून मोठा होतो. सहा-सात फूट मागे सरावे.

परंतु खरी कसोटी बोटांची आहे. चार तारांच्या तंबोऱ्याची पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडतात. नुसताच ठेवलेला हात जाणकाराला तत्काळ कळतो, आणि मग साऱ्या प्रकल्पाविषयीच शंका येते. म्हणून तंबोरा जुळवून विद्यार्थ्याने खरोखर गावे, व तो गाण्यात रमला म्हणजे चित्र घ्यावे. भाड्याचा भरजरी पोशाख नको. सतरंजी जुनी दिसली तर दिसू द्यावी. रियाज तिच्यावरच झालेला असतो.