प्रोग्रेसिव्ह रॉकमधील बेस गिटार आणि रे शुलमन यांचे उपेक्षित वादन

बेस गिटार हे सामान्यतः चार तारांचे, खर्जात बोलणारे वाद्य होय. ड्रम्सशी ताल जुळवून ठेवणे आणि इतर वाद्यांना मूळ स्वराचा आधार देणे, एवढीच अपेक्षा रॉक संगीतात त्याच्याकडून प्रायः केली जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आकारास आलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉकने ही मर्यादा बरीच सैल केली.

याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे 'येस' या वाद्यवृंदाचे ख्रिस स्क्वायर (१९४८-२०१५). ते प्लेक्ट्रमने वाजवीत आणि आपल्या रिकनबॅकर गिटारच्या दोन पिकअपांचा ध्वनी दोन स्वतंत्र अँप्लिफायरकडे नेत. परिणामी खर्जाचा भरीवपणा न गमावता वरचा धारदार नाद सुटा ऐकू येई. 'राउंडअबाउट' (१९७१) ऐकताना अनभ्यस्त श्रोत्याचेही लक्ष बेसकडे जाते. रसिकांच्या पसंतीत स्क्वायर अग्रभागी असतात, ते योग्यच आहे.

तथापि, सुटे ऐकू येणे हाच श्रेष्ठत्वाचा निकष मानल्यास 'जेंटल जायंट'चे (१९७०-१९८०) रे शुलमन (१९४९-२०२३) यांच्यावर अन्याय होतो. या वृंदाची रचनापद्धती काउंटरपॉइंटची, म्हणजे अनेक स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी परस्परांत गुंफण्याची होती. वृंदातील केरी मिनिअर यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले होते. शुलमन स्वतः व्हायोलिनवादकही होते. अशा विणीत बेस हा पाया न राहता इतरांच्या बरोबरीचा एक धागा बनतो. शुलमन यांचे तुटक स्वरसमूह व मधले विराम वेगळे काढून ऐकल्यास अपुरे भासतात. क्लॅव्हिनेट आणि ड्रम्स यांच्यासह ऐकले की त्यांचा अर्थ उलगडतो. 'फ्री हँड' (१९७५) या संग्रहातील 'ऑन रिफ्लेक्शन' फ्यूगच्या अंगाने, एकामागून एक शिरणाऱ्या कंठस्वरांनी सुरू होते. प्रत्यक्ष मैफलीत या रचनेच्या वेळी शुलमन बेस बाजूला ठेवून व्हायोलिन हाती घेत. वाद्यापेक्षा रचनेतील स्थान महत्त्वाचे मानणारा हा वादक होता. (अर्थात, असा वादक बेसवादकांच्या यादीत मागे पडला तर नवल नाही.)

'सॉफ्ट मशीन'चे ह्यू हॉपर (१९४५-२००९) यांची उपेक्षा निराळ्या प्रकारची. फझ या उपकरणाने विरूपित केलेला त्यांचा बेस पुष्कळदा ऑर्गनच समजला जातो.

१९८० नंतर शुलमन ध्वनिमुद्रण-निर्मितीकडे वळले. 'द शुगरक्यूब्ज' आणि 'द संडेज' यांच्या पहिल्या संग्रहांवर त्यांचे नाव आढळते, पण निर्माता म्हणून.